आळंदीची माउली आणि आळ्याची समाधी

पंढरपूरचा कार्तिकी एकादशीचा सोहळा आटोपला की वारकऱ्यांची पावले इंद्रायणीकडे वळतात. कार्तिक वद्य त्रयोदशी हा श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या संजीवन समाधीचा दिवस. त्या निमित्ताने आळंदीस जाणाऱ्या दिंड्यांपैकी कित्येक उत्तरेकडून, पुणे-नाशिक रस्त्याने येतात. जुन्नर तालुक्यातील आळे आणि नारायणगाव, मग आंबेगाव तालुक्यातील मंचर, पुढे खेड, चाकण आणि शेवटी आळंदी अशी ही वाट आहे. या वाटेच्या वरच्या अंगाला, आळे येथे, एक समाधी आहे. ती कोणा संताची नाही, सरदाराची नाही, ती एका रेड्याची आहे.

आळे आणि त्याच्या शेजारच्या कोळवाडी व संतवाडी या गावांतील भाविक या समाधीची निगा राखतात, तेथे यात्रा भरते आणि आषाढीस येथूनही पालखी पंढरपुरास जाते. ज्याच्या पाठीवर पखाल लादायची आणि पाठीत काठी घालायची, यमाचे वाहन म्हणून ज्याचे दर्शनही शुभ मानायचे नाही, त्या जनावरापुढे माणसे पिढ्यान्‌पिढ्या हात जोडत आली आहेत. हे कसे घडले ते समजून घ्यायचे तर ज्ञानदेवांचे चरित्र एका विशिष्ट अंगाने वाचावे लागते. ज्या मुलांना गावाने आपले म्हणण्यास नकार दिला, त्यांतल्याच एका मुलाला पुढे साऱ्या महाराष्ट्राने माउली म्हटले. त्या नकारापासून या मातृत्वापर्यंतचा अवघ्या एकवीस वर्षांचा प्रवास म्हणजे हे चरित्र.

गोदावरीकाठच्या आपेगावचे कुलकर्णी गोविंदपंत यांचे पुत्र विठ्ठलपंत हे लहानपणापासूनच विरक्त वृत्तीचे होते. तीर्थयात्रा करीत ते आळंदीस आले. तेथील कुलकर्णी सिधोपंत यांनी त्यांची विद्वत्ता व शील पाहून आपली कन्या रुक्मिणी त्यांस दिली. परंतु संसारात विठ्ठलपंतांचे मन रमले नाही. ते काशीस गेले आणि पत्नी असल्याचे न सांगता त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. इकडे रुक्मिणीबाईंनी आळंदीच्या सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालीत वर्षे काढली. पुढे काशीचे ते स्वामी यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले असता त्यांनी नमस्कार करणाऱ्या या बाईंना पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि चौकशीअंती आपल्याच शिष्याची ही पत्नी असल्याचे त्यांना कळून आले. स्वामींनी विठ्ठलपंतांस परत गृहस्थाश्रमात पाठविले. गुरूची आज्ञा शिष्याने पाळली. गावाने मात्र ती मानली नाही.

संन्याशाने पुन्हा संसार मांडणे हा त्या काळी अक्षम्य अपराध होता. विठ्ठलपंतांचे घर वाळीत पडले. अशा घरी शके ११९५ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७३ मध्ये, निवृत्तिनाथांचा जन्म झाला. त्यानंतर शके ११९७ मध्ये श्रावण वद्य अष्टमीस, गोकुळाष्टमीच्या मुहूर्तावर, ज्ञानदेव जन्मले. शके ११९९ मध्ये सोपान आणि शके १२०१ मध्ये मुक्ताबाई झाली. ही सर्वमान्य परंपरा आहे, जन्मस्थळाविषयी आपेगाव की आळंदी असा वाद अभ्यासकांत आहे तो असो. या चौघांना संन्याशाची पोरे हे एकच नाव गावाने दिले होते. गावाबाहेर इंद्रायणीकाठच्या सिद्धबेटावर त्यांचे बालपण गेले. भिक्षा मागावी तर दारे मिटत. मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा एकही पुरोहित पुढे होईना. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे खेड्यात राहिलेल्या वाचकास सांगण्याची गरज नाही. त्यात अंगाला जखम होत नाही, पण विस्तव, पाणी, सोयरीक, पंगत आणि चार माणसांतले बोलणे असे जगण्याचे एकेक दार बंद होत जाते.

मुंजीवाचून अडलेल्या विठ्ठलपंतांनी कुटुंबासह त्र्यंबकेश्वरी जाऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा आरंभिली. एके रात्री वाटेत वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि निवृत्तिनाथ चुकून एका गुहेत शिरले. तेथे गहिनीनाथ बसले होते, अशी कथा आहे. या भेटीचे महत्त्व फार मोठे आहे. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी ही नाथपंथाची परंपरा. या पंथात जातीची चौकशी नव्हती, हिंदू आणि मुसलमान असे दोन्हींकडचे योगी पुढील काळात त्यात सामावले. ज्या मुलाला गावच्या पुरोहिताने मंत्र नाकारला होता, त्याला डोंगरातल्या योग्याने कुळगोत्र न विचारता दीक्षा दिली. निवृत्तिनाथांनी ती ज्ञानदेवांस दिली. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी ही गुरुपरंपरा कृतज्ञतेने सांगितली आहे. कलीने ग्रासलेल्या जीवांना सोडविण्याचे काम गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांवर सोपविले, असेही ते तेथे नोंदवितात. म्हणजे दीक्षेबरोबरच या वाळीत पडलेल्या मुलांवर इतरांच्या दुःखाची जबाबदारीही आली.

इकडे धर्मपीठाने विठ्ठलपंतांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले. पतिपत्नींनी ते शिरोधार्य मानले आणि प्रयागास जाऊन गंगेत देह अर्पण केले. या प्रसंगापाशी चरित्रकार बहुधा लवकर पुढे सरकतात, पण येथे थोडे थांबले पाहिजे. मुलांना समाजात घ्यावे म्हणून आईबापांनी प्राण दिले, आणि प्राण घेऊनही समाजाने मुलांना घेतले नाही. त्यांना पैठणच्या ब्रह्मवृंदाकडून शुद्धिपत्र आणण्यास सांगण्यात आले. त्या वेळी थोरल्या निवृत्तिनाथांचे वय चौदाच्या आसपास होते आणि मुक्ताबाई जेमतेम आठ वर्षांची होती.

पैठणास जावे की नाही यावर भावंडांत झालेला विचारविनिमय संत नामदेवांच्या अभंगांत आला आहे. नामदेव हे ज्ञानदेवांचे सहप्रवासी, आणि आदि, तीर्थावळी व समाधी ही त्यांच्या नावावरील तीन प्रकरणे म्हणजे ज्ञानदेवांचे सर्वांत जुने चरित्र मानले जाते. निवृत्तिनाथांना शुद्धिपत्राची गरजच वाटत नव्हती, कारण आपले खरे स्वरूप वर्ण आणि आश्रम यांच्या पलीकडचे आहे अशी त्यांची धारणा होती. भक्तीपुढे कुळाला किंमत नाही, थोर ऋषी कोणत्या कुळात जन्मले ते पाहावे, असा सोपानांचा कौल होता. ज्ञानदेवांनी मात्र जावे असे ठरविले. आपण मुक्त असलो तरी लोकांची घडी मोडू नये, शास्त्राचा मान राखावा, असा त्यांचा आग्रह होता. वयाने धाकट्या, बुद्धीने सर्वांत तेजस्वी अशा या मुलाने बंड केले नाही. ज्यांनी त्याला बाहेर ठेवले त्यांच्याच दाराशी तो नम्रपणे गेला. पुढील साऱ्या वारकरी परंपरेचा स्वभाव या एका निर्णयात दिसतो. त्यातले बळ दिसते, आणि त्यातली मर्यादाही.

पैठण ही त्या काळची दक्षिणकाशी. तेथील विद्वानांनी ग्रंथ चाळले आणि संन्याशाच्या संततीस प्रायश्चित्त नाही, असा निर्णय दिला. त्यांनी एकच मार्ग सांगितला. अनन्य भक्ती करावी आणि गाय, गाढव, कुत्रे, अंत्यज असा भेद न करता प्राणिमात्रांत देव पाहून सर्वांना वंदन करावे. भागवतातला हा उपदेश पंडितांनी बहुधा वाटेला लावण्यासाठी सांगितला असावा. पण मुलांना तो इतका मानवला की ती आनंदाने नाचू लागली. टवाळांनी मग त्यांची नावे काढली. समोरून पखाल वाहणारा एक रेडा येत होता. त्याचेही नाव ज्ञाना आहे, मग त्याच्यात आणि तुझ्यात फरक तो काय, असे कोणीसे विचारले. फरक नाही, एकच आत्मा दोघांत आहे, असे ज्ञानदेवांनी शांतपणे सांगितले. त्यावर रेड्याच्या पाठीवर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. पुढे ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि त्याच्या मुखातून वेदमंत्र उमटले.

ही कथा महाराष्ट्रातील प्रत्येक घरात आजीच्या तोंडून ऐकली जाते. अठराव्या शतकात ताहाराबादच्या महिपतींनी तिला आपल्या रसाळ ओव्यांत बसविले आणि घरोघरच्या पोथीत नेले. वेद बोलणे श्रेष्ठ की वळ उठणे श्रेष्ठ, असा प्रश्न मात्र क्वचितच केला जातो. आम्हास वाटते, खरा चमत्कार पहिलाच आहे. वेद ऐकून पंडित थक्क झाले. वळ पाहून त्यांनी लाजावयास हवे होते. दुसऱ्याच्या पाठीवरचा मार आपल्या पाठीवर उमटणे यापरते अद्वैताचे भाष्य कोणत्याही टीकाकाराने लिहिलेले नाही. आणि वेदांचा तो प्रसंगही नीट पाहण्याजोगा आहे. ज्या वेदांचा अधिकार या मुलांना नाकारला होता, आणि स्त्रीशूद्रांना तर कधी नव्हताच, ते वेद सर्वांत हीन समजल्या गेलेल्या जनावराच्या तोंडून बाहेर पडले. अधिकाराचा सारा वाद तेथे एका क्षणात पोरका झाला.

परंपरेप्रमाणे शके १२०९ मध्ये, म्हणजे १२८७ साली, शुद्धिपत्र मिळाले. मुलांनी आजन्म ब्रह्मचर्याने राहावे, वंश वाढवू नये, अशी अट त्यात होती असे सांगतात. म्हणजे पंडितांनी दार उघडले ते चौघांपुरतेच. हे पत्र पुढे कोणाला दाखविल्याचा, त्याच्या आधारे मुंज लावून घेतल्याचा उल्लेख कथेत ठळकपणे येत नाही. ज्यासाठी आईबाप गेले, ज्यासाठी इतकी पायपीट झाली, तो कागद हाती आला आणि त्याचे प्रयोजनच संपले होते.

पैठणहून निघताना तो रेडा भावंडांबरोबर निघाला. प्रवरेच्या काठी नेवासे येथे त्यांचा दीर्घ मुक्काम झाला. तेथील मोहिनीराजाचे क्षेत्र, पैसाचा खांब, लेखक सच्चिदानंदबाबा आणि शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पूर्ण झालेली भावार्थदीपिका हा भाग वाचकांस परिचित आहे. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथाविषयी येथे एवढेच सांगावयाचे की, पंधरा वर्षांच्या त्या मुलाने गीतेवरील भाष्यासाठी पंडितांची भाषा न घेता आया-बहिणींची मराठी घेतली. अठराव्या अध्यायात तर त्याने वेदांवरच एक गोड आरोप केला आहे. वेद ज्ञानाने संपन्न खरा, पण त्याच्याइतका कृपण कोणी नाही, कारण तो तीन वर्णांच्याच कानी लागला आणि स्त्रिया व शूद्र यांना त्याने बाहेर ठेवले. हा आपला दोष वेदाला उमगला म्हणून तो गीतेच्या रूपाने सर्वांसाठी पुन्हा प्रकट झाला, अशी ज्ञानदेवांची कल्पना आहे. वेदाला दूषण न देता वेदाकडूनच चूक दुरुस्त करवून घेण्याचे हे कौशल्य पाहून मन थक्क होते. नवव्या अध्यायात कुळ, जात आणि वर्ण यांचा भक्तीत काही उपयोग नाही हे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. आणि शेवटच्या पसायदानात त्यांनी आपल्या आईबापांचा घात करणाऱ्यांसाठीही काही मागितले. दुष्ट नाहीसे व्हावेत असे न म्हणता त्यांच्यातील दुष्टपण जावे, असे ते मागणे आहे.

नेवाशाहून आळंदीकडे जाताना भावंडे आळे येथे आली, आणि तेथे त्या रेड्याने देह ठेवला. ज्ञानदेवांनी त्याला स्वहस्ते समाधी दिली, अशी जुन्नर भागातील दृढ श्रद्धा आहे. विठ्ठलपंतांच्या वाट्याला समाधी आली नव्हती, रुक्मिणीबाईंच्या वाट्यालाही नाही. प्रवाहात वाहून गेलेल्या आईबापांच्या या मुलांनी एका मुक्या सोबत्याचे अंत्यसंस्कार मात्र घरच्या माणसासारखे केले.

जुन्नरच्या या मातीला परक्यास आपले म्हणण्याची सवय ज्ञानदेवांच्याही आधीपासून होती. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गावरील हे सातवाहनकालीन नगर. भोवतालच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांत जे ब्राह्मी लेख आहेत, त्यांत यवन म्हणून नोंदविलेल्या दात्यांची नावे आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेल्या कुळांतील माणसे येथे पाणी पाजीत होती, पंगती घालीत होती, आणि त्यांची नावे खडकावर कोरली जात होती. त्यानंतर हजार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याच मुलखातून चार मुले आपल्या जन्मगावी निघाली होती, आणि त्या गावात त्यांना पाणी मिळेल की नाही याची खात्री नव्हती.

झालेही तसेच. शुद्धिपत्र आले तरी आळंदीतील सर्वांची मने शुद्ध झाली नव्हती. विसोबा चाटी हे त्यांतील प्रमुख. मुक्ताबाई मांडे भाजण्यासाठी कुंभाराकडे परळ आणावयास गेली असता विसोबांनी कुंभारास दटावून तिला रिकाम्या हाताने परत पाठविले. ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापविली आणि बहिणीने तीवर मांडे भाजले. हे चोरून पाहणाऱ्या विसोबांचे मन पालटले, आणि ज्या घराला भांडे मिळू नये म्हणून त्यांनी खटपट केली त्याच घराचे ते शिष्य झाले. हेच विसोबा खेचर. पुढे नामदेवांचे गुरू तेच झाले. द्वेष करणाऱ्याला बाहेर न टाकता आत घेणे ही या भावंडांची रीत होती. अर्थात ज्ञानदेवही माणूसच. एकदा लोकांच्या बोलण्याने विषण्ण होऊन त्यांनी स्वतःला कुटीत कोंडून घेतले, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने ताटीपाशी उभे राहून त्यांची समजूत घातली. चौदाशे वर्षे जगल्याचे सांगितले जाणारे योगी चांगदेव भेटीस आले. त्यांना ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचा उपदेश पाठविला, पण गुरुपदेश मिळाला तो याच लहानग्या मुक्ताबाईकडून. वृद्ध, सिद्ध, कीर्तिमान पुरुष एका मुलीचे शिष्यत्व पत्करतो, ही घटना तेराव्या शतकातली आहे हे विसरून चालणार नाही.

ज्ञानदेवांच्या चरित्राचा यापुढील भाग म्हणजे संतमेळा. पंढरपूरला नामदेव भेटले. ते जातीने शिंपी. गोरोबा कुंभार, सावतोबा माळी, नरहरी सोनार, दासी म्हणून राबणारी जनाबाई, आणि मंगळवेढ्याचे महार चोखामेळा, त्यांची पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका आणि पुत्र कर्ममेळा हे सारे याच परिवारातले. ज्ञानदेवांनी नामदेवांस आपल्याबरोबर तीर्थयात्रेस नेले. पैठणच्या पंडितांकडे ज्यांनी जागा मागितली, त्यांनी चंद्रभागेच्या वाळवंटात सर्वांना पुरेल एवढी जागा निर्माण केली. तेथे प्रवेशासाठी पत्र लागत नव्हते. एकमेकांच्या पाया पडण्याची रीत तेथे रूढ झाली आणि ती आजही टिकून आहे. पैठणच्या धर्मपीठाने शिक्षा म्हणून सांगितलेले ते सर्वांभूती वंदन वारकऱ्यांचा नित्याचा आचार झाला.

शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, कार्तिकी एकादशीनंतर ज्ञानदेव संतांसह आळंदीस आले. सिद्धेश्वरासमोरील नंदी बाजूला सारून खालचे विवर मोकळे करण्यात आले. नामदेवांच्या मुलांनी जागा झाडून स्वच्छ केली. त्रयोदशीच्या दिवशी ज्ञानदेव आसनस्थ झाले आणि निवृत्तिनाथांनी द्वारावर शिळा ठेवली. ज्यांनी धाकट्याला दीक्षा दिली त्यांनाच त्याच्या समाधीचे दार लावावे लागले. ज्ञानदेवांचे वय त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. पुढील काही महिन्यांतच सोपान सासवड येथे, मुक्ताबाई तापीतीरी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी निजधामास गेले. शुद्धिपत्राची अट अक्षरशः पाळली गेली. त्या घराचा वंश उरला नाही.

चरित्र येथे संपावे, पण ते संपत नाही. कारण चोखोबा मागे उरले होते. वाळवंटात संत त्यांच्या गळ्यात पडत, परंतु महाद्वाराची पायरी चढण्याची त्यांना मुभा नव्हती. शके १२६०, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. मंदिराच्या जवळ, पण बाहेर. जिवंतपणी जेथवर येता येत होते, मरणानंतरही ते तेथवरच पोचले.

या ठिकाणी आळ्याची समाधी आठवते आणि मन अस्वस्थ होते. रेड्यापुढे आपण मनोभावे नमस्कार केला, त्याच्यात ज्ञानदेवांचा आत्मा पाहिला, ते योग्यच केले. पण ज्या गावांतून रेड्याचा जयजयकार होत होता त्याच महाराष्ट्राच्या गावांतून माणसांना विहिरीवर येऊ दिले जात नव्हते, आणि यात काही विसंगत आहे हे आपल्या पूर्वजांच्या शेकडो वर्षे ध्यानात आले नाही. कथा ऐकणे सोपे असते. कथेतल्या पंडितांच्या जागी आपणच बसलो आहोत हे ओळखणे अवघड असते.

ज्यांच्या ध्यानात आले ते थोडके, पण अधूनमधून होऊन गेले. पैठणच्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि आळंदीच्या समाधीचा जीर्णोद्धार केला. तापलेल्या वाळूत रडणारे अंत्यजाचे मूल त्यांनी कडेवर घेतले, श्राद्धाचे अन्न भुकेल्या महारांना वाढले आणि त्यासाठी पैठणकरांचा रोष पत्करला. जुन्नर तालुक्यातीलच ओतूर येथे बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांनी आपल्या गुरूचे नाव बाबाजी असे सांगितले आहे, आणि ओतूरकर त्या समाधीकडे तुकोबांच्या गुरूचे स्थान म्हणून पाहतात. देहूच्या या कुणब्याला ब्राह्मण कुळातील बहिणाबाईंनी गुरू मानले, घरचा छळ सोसून मानले. पैठणचे नाथ आणि ओतूरचे चैतन्य ही दोन नावे घेतली की ज्ञानदेवांनी लावलेले रोप कोठे कोठे रुजले याची कल्पना येते.

एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला शिस्त आणि वैभव दिले. लाखो माणसे एका तालात चालू लागली. तरीही इरावती कर्वे वारीस गेल्या तेव्हा एकाच दिंडीत दिवसभर एकत्र भजन करणारे ब्राह्मण आणि मराठे जेवणास वेगवेगळ्या पंगतीत बसताना त्यांनी पाहिले. त्यांनी ते व्यथित होऊन लिहून ठेवले. भजनात मिटलेले अंतर भाताच्या पातेल्यापाशी पुन्हा उभे राहत होते.

चोखोबांची पायरी ओलांडली गेली ती १९४७ मध्ये. साने गुरुजींनी पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे यासाठी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे रोजी पंढरपूर येथे उपोषण सुरू केले. उपोषणास जागा मिळणेही कठीण झाले होते, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. वारकरी परंपरेतील एका महाराजांनी हे केले ही गोष्ट विशेष स्मरणात ठेवण्यासारखी आहे. दहा दिवसांनी बडव्यांनी मंदिर सर्वांस खुले करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला, आणि १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. चोखोबांच्या निधनापासून मोजले तर मध्ये सहाशे नऊ वर्षे गेली होती. ज्ञानदेवांना पैठणने जो वेळ लावला तो त्यामानाने फारच थोडा म्हणावा लागेल.

आंबेगाव आणि खेड यांच्या सीमेवरील भीमाशंकरापाशी भीमा उगम पावते. जुन्नरची कुकडी घोडनदीस मिळते आणि घोड भीमेस. आळंदीची इंद्रायणीही शेवटी भीमेतच जाते. या साऱ्यांचे पाणी पंढरपुरास पोचते तेव्हा त्याला चंद्रभागा म्हणतात, आणि त्यात आळ्याचे पाणी कोणते व आळंदीचे कोणते हे कोणी सांगू शकत नाही. त्या वाळवंटातून वर आले की महाद्वारापाशी प्रथम नामदेवांची पायरी लागते आणि समोर चोखोबांची समाधी. ती होती तेथेच आहे. आळ्याहून पालखीबरोबर आलेले वारकरी देवळात शिरण्यापूर्वी तेथे वाकतात, आणि मग पायरीला पाय न लावता आत जातात.